गाडी ऑइल खाते

घोडपदेव, ९ नोव्हेंबर

स्वरूप,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायची पद्धत असते. ती मला माहीत आहे, एवढं सांगून पुढे जाते.

फोन केला नाही, कारण तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे आणि तो तसाच राहणार आहे. शिवाय फोनवर तू मध्येमध्ये ‘अगं ताई, ऐक ना’ करतोस, आणि बोलणं तिकडच्या थंडीवर आणि तुझ्या बायकोच्या पाठदुखीवर जाऊन थांबतं. ईमेलमध्ये तुला मध्ये बोलता येत नाही. ही सोय मला फार आवडली आहे.

विषय तुझी गाडी. म्हणजे दुसऱ्यांदा जर्मनीला जाताना तू बाबांच्या दारात उभी करून गेलास ती, स्वतः सेकंडहँड घेतलेली आणि वापरून झाल्यावर दान केलेली, टर्बोवाली. ती ऑइल खाते. थोडंथोडकं नाही, हजार किलोमीटरमागे लिटरभर, आणि भूक वाढतेच आहे. काल प्रितीचा साखरपुडा होता. तीच रे, खालच्या मजल्यावरची, जिच्या दप्तरात तू पाल टाकली होतीस. मुलाकडच्यांना सोडायला बाबा निघाले, गाडी सुरू केली आणि मागून असा निळा धूर आला की नवऱ्यामुलाचा मामा नाकाला रुमाल लावून बाजूला झाला. कोणीतरी ओरडलं, ‘अरे, महापालिकेची डास मारायची गाडी आली!’ चाळभर हशा. बाबाही हसले, पण जरा उशिराने.

तुला आठवण करून द्यायला हवी, कारण तुझ्या आठवणीचं मला काही खरं वाटत नाही. बाबांची टॅक्सी वयोमर्यादा संपली म्हणून भंगारात गेली, तेव्हापासून हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. आई गेल्यावर तर बोलणंही आटलं. मग तुझी ही गाडी आली आणि धोंडू टॅक्सीवाला परत उभा राहिला. रोज सकाळी उजाडायच्या आत दादरला जातात, आईच्या फोटोसाठी हार आणतात, येताना चाळीतल्या कुणाला दवाखान्यात सोडायचं तर सोडतात. भाडं घेत नाहीत. फक्त एक वाक्य ऐकवतात, ‘आमच्या स्वरूपने दिली हो.’

रोज ऐकते मी ते वाक्य. परळला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासून घरी येते, भाकऱ्या थापते, त्यांच्या गोळ्या काढून ठेवते आणि शेजारच्या खोलीतून ऐकते, ‘आमच्या स्वरूपने दिली.’ मी देते ते कुणाला दिसत नाही, कारण ते रोजचं असतं. आईच्या शेवटच्या आजारपणात, तुझ्या जर्मनीच्या पहिल्या खेपेत, तू स्क्रीनवर होतास. चेहरा छान दिसत होता, उजेड चांगला होता तुझ्याकडे.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गाडी खराब आहे हे तुला देतानाच माहीत होतं. ते तू स्वतःच्या तोंडाने बाबांना सांगायचंस. त्यांनी एकदा तरी बघावं की मुलाने नेमकं काय दिलंय. तू सांगेपर्यंत मी पुरावा गोळा करते. लॅबमध्ये आयुष्य गेलंय माझं, घाई नाही.

सीमा

घोडपदेव, २३ नोव्हेंबर

स्वरूप,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, एक लिंक आणि शेवटी पिवळा हसरा चेहरा. ‘ताई, आधी लीक आहे का बघ.’ ज्या देशात म्हणे गाड्या जन्माला येतात तिथे राहून तू एवढं शिकलास, ऐकून बरं वाटलं.

लीक बघितली. शेजारच्या जाईबाईंच्या नव्या फ्रिजचा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली पसरून ठेवला. सकाळी त्यावर मांजर झोपलेलं होतं आणि ऑइलचा एक थेंब नव्हता. म्हणजे ऑइल बाहेर सांडत नाही, आतच जळतं. हे तुझ्या लिंकेत सातव्या परिच्छेदात येतं, तिथपर्यंत तू स्वतः वाचलं नसशील.

मग माहीमला एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन धुराच्या नळीत बोट घातलं, काजळी पाहिली, बोट पँटला पुसलं आणि म्हणाला, ‘मॅडम, रिंग गया. इंजिन खोलना पडेगा.’ बॉनेट उघडलंही नव्हतं त्याने. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, ‘एक्सपिरियन्स.’ आमच्याकडे लॅबमध्ये कुणी रक्त न काढता पेशंटच्या तोंडाकडे बघून कावीळ लिहिली असती तर त्याला संध्याकाळपर्यंत नारळ मिळाला असता. त्याला मी तेवढंच सांगून आले. बाबा गाडीत बसून मान खाली घालून हसत होते.

मग ठरवलं, मोजूया नीट. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड, गाडी सपाटीवर, ऑइल मोजायची पट्टी पुसून परत घालायची आणि खूण बघायची. पहिल्या रविवारी खूण खाली. दुसऱ्या रविवारी खूण वर! ऑइल वाढलेलं. मी क्षणभर माझ्या डोळ्यांवरच शंका घेतली. नंतर डिकी उघडली तर हारांच्या पिशवीमागे ऑइलचा डबा. बाबा रोज सकाळी गुपचूप पेलाभर घालत होते.

‘बाबा, मी मोजतेय ना?’

‘मोज की. पण इंजिनाला उपाशी ठेवू नये गं. जन्मात एक इंजिन जाळलं नाही मी. विचार स्टँडवर कुणालाही.’

स्टँडवर आता विचारायला कुणी उरलेलं नाही. मी डबा उचलला आणि कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवला, किल्ली कमरेला. आता मोजमाप खरं होईल. तुला सांगते, बाबा तुझी लाज झाकायला पदरचं ऑइल ओतत होते. माझ्यासाठी त्यांनी असं कधी काही झाकलेलं मला आठवत नाही, कारण झाकावं असं मी काही केलंच नाही.

सीमा

घोडपदेव, १४ डिसेंबर

स्वरूप,

आता एक दीपक नावाचा इसम सापडला आहे, शिवडीला. स्वतःला टर्बोचा डॉक्टर म्हणवतो. शर्टावर मागे तसं छापलेलं आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी ‘बघा, तुम्हाला नाही कळणार’ म्हणतो आणि मग जे सांगतो ते पाचवीतल्या मुलाला कळेल. पण माणूस बॉनेट उघडतो, एवढं त्याचं कौतुक.

आधी त्याने इंजिनातली वाफ बाहेर टाकणारी एक छोटी झडप बदलली. ती अडकली की ऑइल भलत्या वाटेने आत ओढलं जातं म्हणे. आठवडा वाट पाहिली, मोजलं. फरक शून्य. दीपक म्हणाला, ‘ती करून बघायची असतेच.’ म्हणजे त्याचाही अंदाज चुकला, पण कबूल करायचं नाही. तुझ्याशी जमेल त्याचं.

मग चारही प्लग काढले. मला वाटलं होतं ते ऑइलने माखलेले निघतील. निघाले कोरडे, बदामी, चांगल्या घरच्यासारखे. मग एकेका सिलिंडरला मीटर लावून दाब मोजला. चारही सारखे, आणि उत्तम. म्हणजे माहीमवाल्याची रिंग जागेवर होती आणि इंजिन धडधाकट.

‘इंजिन एक नंबर ठेवलंय हो मॅडम आधीच्या मालकाने. सर्व्हिस वेळेवर केलेली दिसते.’

आधीचा मालक म्हणजे तू. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, की बाबांची गाडी आतून चांगली आहे. मला वाईट वाटलं. हे लपवून ठेवण्याचं काही कारण नाही, तू काही माझ्याबद्दल चांगलं मत असलेला माणूस नाहीस.

बाबा तिथेच स्टुलावर बसले होते. दीपकचं वाक्य ऐकून त्यांनी आजूबाजूच्या तीन अनोळखी माणसांना सांगितलं, ‘आमच्या स्वरूपने दिली.’

सीमा

घोडपदेव, २१ डिसेंबर

स्वरूप,

सापडलं.

टर्बोकडून, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या पंख्याकडून, इंजिनाकडे हवा नेणारी जाड नळी दीपकने काढली. आतून ऑइलने थबथबलेली. मग टर्बोचं चाक बोटाने हलवून दाखवलं. ते एका जागी फिरायला हवं, हे डुगडुगत होतं. टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी उघडली तर आत काळा कोळसा, पिनेने खरवडावा लागला. सील गेलेलं, ऑइल तिथून निसटून इंजिनात जातं आणि जळतं. निळा धूर तो.

दीपकने कारण सांगितलं. टर्बो फार तापतो. गाडी जोरात चालवून आणली आणि तडक बंद केली तर आत फिरणारं ऑइल जागच्या जागी थांबतं आणि भाजून निघतं. रोज तसं केलं की त्याचा कोळसा होतो. मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवली तर काही होत नाही. ‘कुणीतरी हिला तापलेली बंद करतंय, रोज,’ असं म्हणाला तो.

कुणीतरी! एक्स्प्रेसवेवर पुण्याला सासुरवाडीला धावणारा, फूड मॉलवर ब्रेक मारून किल्ली काढून वड्याच्या लायनीत पहिला उभा राहणारा कुणीतरी. मी दीपकला विचारलं नाही कोण. मला विचारायची गरज वाटली नाही.

काल रात्री जेवताना बाबांना सांगितलं. टर्बो गेलाय, स्वरूपने वापरून वापरून घालवलाय, त्याला माहीत होतं आणि तरी तुमच्या गळ्यात मारली.

‘दीपक म्हणाला असं?’

‘म्हणाला.’

त्यांनी ताटातला भात संपवला. हात धुतले, खिशातून गाडीची चावी काढली आणि आईच्या फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवली.  आज रविवार, संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन त्यांच्यासमोर वाजत होता. त्यांनी तो उलटा करून ठेवला. तुला वाटलं असेल नेटवर्क नाही. नेटवर्क होतं.

मला हवं होतं ते मिळालं. कळव तुला कसं वाटलं ते. पिवळा चेहरा नको.

सीमा

घोडपदेव, १८ जानेवारी

स्वरूप,

तुझी चार ईमेल आली. ‘मी असं कधीच केलं नाही ताई’, ‘देवाशपथ’, ‘कंपनीचं मॅन्युअल वाच, मी एक मिनिट थांबायचो’ वगैरे. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ती खोटी वाटली. हे पत्र नीट वाच, दोनदा वाच. माफीचं पत्र नाही हे. तसं शोधत बसू नकोस.

चावी खिळ्यालाच राहिली. गॅलरीतली खुर्ची परत बाहेर आली. हार दादरहून यायचा बंद झाला, खाली गजरे विकणाऱ्या पोरीकडून मिळेल तो कोमेजलेला गजरा आईच्या फोटोला लागायला लागला. जाईबाईंना गुडघ्यासाठी दवाखान्यात जायचं होतं, त्या रिक्षा शोधायला नाक्यावर गेल्या तर बाबांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं होतं ते तुझ्यावर चिडतील. ते चिडले नाहीत, विझले. आणि हे मी केलं होतं, म्हणून मीच टर्बो बदलून घेतला. खर्च विचारू नकोस, पाठवू तर मुळीच नकोस.

मग खोटं बोलून त्यांना उठवलं. म्हटलं, दीपक म्हणतो नवा टर्बो रुळायला जुना अनुभवी हात लागतो. बाबा म्हणाले, ‘तो शिवडीवाला म्हणतो असं?’ आणि पायात चपला घातल्या.

आज सकाळी मी शेजारी बसून गेले. मोजायचं होतं ना. दादरला हार घेतला, हिंदमातावरून परत, आणि लालबागच्या पुलावर चढल्यावर बाबांनी गाडी अशी सोडली की मी दाराची कडी धरली. बहात्तर वर्षांचा माणूस, तिसऱ्या गिअरमध्ये, ऐन पुलावर! टर्बोची बारीक शिट्टी वाजायला लागली.

‘ऐकलीस सीमे? ही टॅक्सीला नव्हती.’

त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मी आईबरोबरच्या फोटोत पाहिलाय तो तसा, लग्नाच्या. पूल उतरलो, भायखळ्याच्या बाजूने वळलो, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलो. आणि बाबांनी चावी फिरवली. खट्. इंजिन बंद. गाडी गल्लीच्या उतारावरून आवाज न करता घरंगळायला लागली. स्टिअरिंग जड झालेलं, दोन्ही हातांनी ओढत होते. ब्रेकवर सगळं अंग टाकून उभे राहिले तेव्हा कुठे ती आपल्या जागेवर थांबली.

‘बाबा, वरच बंद का केलीत?’

‘गल्लीत झोपलेले असतात.’

‘कोण?’

त्यांनी चाळीकडे बघितलं. खालच्या नळावर बायका भांडत होत्या, कुणाचा तरी टीव्ही लागलेला होता.

‘असतात,’ म्हणाले, आणि हार घेऊन वर गेले.

मी तिथेच बसून राहिले. जाईबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना विचारलं. त्या माझ्याकडे, हिला एवढंही माहीत नाही, अशा नजरेने बघायला लागल्या.

‘गो, आमचे हे रातपाळी करून येत आणि सकाळी निजत. चाळीत निम्मे पुरुष रातपाळीवाले. तुझो आजोबा पण. म्हणून टॅक्सीवाले सगळे तोंडारच इंजिन बंद करीत आणि उतारान खाली येत. कोणाची झोप मोडली तर पंचायत बसायची हयसर! आता कोण निजता सकाळचो? गिरणी गेली, माणसा गेली. पण धोंडून काय ता सोडूक नाय.’

कळलं तुला? तू नव्हतास. गिरण्या बंद होऊन एक पिढी उलटली आणि आपला बाप अजून त्या झोपलेल्या माणसांना जागं करत नाही. पुलावरून टर्बो लाल करून आणतो आणि गल्लीच्या तोंडाशी तडक बंद करतो. रोज. तू देऊन गेलास त्या दिवसापासून. दीपकला फोन करून विचारलं, असं असेल तर? म्हणाला, ‘बघा, तुम्हाला नाही कळणार, पण असं केलं तर नवा टर्बोपण वर्षात जाणार.’

म्हणजे गाडी तू चांगलीच दिली होतीस. लिहिलं बघ मी. आता यावर नाचू नकोस.

कारण पुढचं ऐक. हे मी बाबांना सांगू शकत नाही. जन्मात एक इंजिन जाळलं नाही म्हणणारा माणूस आहे तो, तेवढं एकच मिरवतो. मुलाने दिलेली वस्तू आपणच जाळली असं कळलं तर ती चावी खिळ्याला जाईल आणि परत निघणार नाही. माझ्याकडे आता तेवढं खोटं उरलेलं नाही. आणि न सांगावं तर नवा टर्बो जाळतील, किंवा एखाद्या सकाळी इंजिन बंद झाल्यावर दगड होणारा तो ब्रेक लागणार नाही आणि गल्लीत पोरं खेळत असतील.

तेव्हा तू काय करायचंस ते सांगते. बाबांना फोन करायचा आणि म्हणायचं, गाडी मीच खराब केली, मला माहीत होतं, सांगायची लाज वाटली. जे मी तुझ्यावर खोटं लादलं ते तू खरं म्हणून उचलायचंस. आणि इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करतील, असं काहीतरी कर. कसं ते तू ठरव. एवढी वर्षं स्क्रीनवरून आशीर्वाद घेतलेस, एकदा उपयोगी पड.

फोन मी त्यांच्या हातात देईन. उचलायला लावीन.

सीमा

घोडपदेव, १५ फेब्रुवारी

स्वरूप,

फोन झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कणीक मळत. स्पीकर चालू होता, बाबांना त्याशिवाय ऐकू येत नाही. तू म्हणालास, ‘बाबा, माझ्याकडूनच झालं. तापलेली बंद करायचो मी. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.’ किती सहज बोललास! मी दुसरीत असताना तू माझी पाटी फोडून आईला असंच सांगितलं होतंस, फक्त तेव्हा दोष माझ्या माथी मारला होतास. बाबा म्हणाले, ‘बरं. असू दे. पुढच्या गाडीला सांभाळ.’ कणकेत पाणी जास्त झालं माझ्याकडून, आमच्याकडे त्या रात्री धिरडी झाली.

आणि दुसरी ती तुझी युक्ती. ‘बाबा, रोज आलात की गाडी बंद करायच्या आधी मला फोन लावा. जागेवर लावून, इंजिन चालू ठेवून. मी इथून आवाज ऐकतो, टर्बो बरोबर बसलाय का ते मला कळेल.’ जर्मनीतून कानाने! तुला स्वतःच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नव्हता कधी. मला वाटलं, बाबा हसतील आणि सोडून देतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद झालं नाही. गाडी घरघरत थेट आत आली. जाईबाई ओट्यावरून ताडकन उठल्या, ‘काय झाला गो? कोणाची गाडी?’ त्यांनी ती गाडी रोज आत येताना पाहिलेली, येतानाचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. बाबांनी जागेवर लावली, फोन काढला, काच खाली केली आणि तो बॉनेटच्या दिशेने धरून बसले. मिनिटभराचं काम. दहा मिनिटं बसले. तेव्हापासून रोज बसतात.

मी त्यांना न सांगायचं ठरवलेलं मलाच जड व्हायला लागलं. परवा जेवताना सहज म्हणून विचारलं, स्वरूपला खरंच कळतं का हो आवाजावरून?

‘तुम्ही दोघं मला टॅक्सी चालवायला शिकवू नका,’ म्हणाले.

‘म्हणजे?’

‘स्वरूपचा फोन आल्यावर मी गेलो होतो शिवडीला. दीपककडे. तो म्हणाला, काका, कोळसा ताजा होता, जुना नाही. आता इंजिन बंद करून गल्लीत कोण उतरायचं ते माझं मला काय माहीत नाही?’

 मी म्हटलं, मग चावी परत खिळ्याला का नाही अडकवलीत?

‘पोरगा माझ्यासाठी एवढं खोटं बोलला. ते काय वाया घालवू?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लोणच्याची फोड शोधत राहिले. ‘आणि तू पण बोललीस. आधी त्याच्याविरुद्ध, मग माझ्यासाठी. मोजत होतो मी.’

म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांभाळत होता. मी तेवढी पुरावा गोळा करत होते.

एक गोष्ट मला आज सुचली, सुचायला एवढा उशीर लागला. बाबा दादरहून येतात तेव्हा तुझ्याकडे पहाटही झालेली नसते. तू गाढ झोपेत असायला हवास. आणि एकदाही, एकदाही रिंग पूर्ण वाजून गेलेली मी ऐकली नाही. तुझी बायको काय म्हणते? तुला कामावर जांभया येत असतील. येऊ देत.

तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते एवढ्या सहज बदलायला मी काही माहीमचा गॅरेजवाला नाही.

सीमा

घोडपदेव, १ मार्च

स्वरूप,

हे फोनवरून लिहितेय, चुका असतील.

बाबांना कालपासून ताप आहे. घाबरू नकोस, रिपोर्ट मीच काढला, साधा व्हायरल आहे. पण आईच्या फोटोला हार हवा म्हणून सकाळपासून तळमळत होते. मी चावी उचलली. तुझ्या माहितीसाठी, मला गाडी चालवता येते. लायसन्स काढून जमाना झाला, या घरात ते कुणी मान्य केलं नव्हतं. आज बाबा म्हणाले, ‘ने. पण पुलावर तिसऱ्यात घे.’

घेतली. शिट्टी ऐकली. काय मूर्खासारखी मजा येते रे त्यात! मी एकटीच मोठ्याने हसले.

आणि गल्लीच्या तोंडाशी आले तर माझाच हात चावीवर गेला. मला कुणी शिकवलं नाही ते. बाबांच्या मांडीवर बसून पाहिलेलं असणार लहानपणी कधीतरी. हात मागे घेतला, चालू ठेवून आत आणली, जागेवर लावली. जाईबाईंनी हात केला.

आता मिनिटभर थांबायचं आहे. हार शेजारच्या सीटवर आहे. बाबा या मिनिटाला तुला फोन लावतात. मी विचार केला, आपण कुणाला लावावा, आणि हातात फोन घेऊन नुसती बसून राहिले. मग हे लिहायला घेतलं. मिनिट केव्हाच संपलं असेल, इंजिन चालूच आहे.

आज बाबांचा फोन आला नाही म्हणून तू जागा असशील, छताकडे बघत. त्यांना बरं नाही हे तुला माहीत नव्हतं. सांगायला माझ्याशिवाय कोण होतं?

ब्लॉक काढलाय. आता लावते. उचल, आणि ‘अगं ताई, ऐक ना’ करू नकोस. मुकाट्याने इंजिन ऐक.

ताई